एका कणाची साक्ष

२६ एप्रिल १९९९ रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या निवेदिका जिल डँडो यांची त्यांच्या घराच्या दारात गोळी झाडून हत्या झाली. वर्षभराने अटक झालेल्या बॅरी जॉर्ज यांच्या कोटाच्या खिशात गोळीबाराच्या अवशेषाचा एकच कण सापडला होता. आकार सुमारे एक शतांश मिलिमीटर! २००१ मध्ये त्यांना जन्मठेप झाली, त्यात या कणाचा वाटा मोठा होता.

असा कण तयार कसा होतो? घोडा ओढला की काडतुसाच्या बुडातील प्रायमर आघाताने पेटते. नेहमीच्या प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट व अँटिमनी सल्फाइड असते. प्रचंड उष्णतेने त्यांची वाफ होते आणि ती क्षणार्धात थिजून गोलसर सूक्ष्म कण बनतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणाचे रूप दिसते, तर क्ष-किरण विश्लेषणाने त्यातील मूलद्रव्ये कळतात. शिसे, बेरियम व अँटिमनी एकाच कणात आढळल्यास तो गोळीबाराचा असण्याची शक्यता फार मोठी असते.

परंतु कण कशाचा आहे हे सांगणारे रसायनशास्त्र तो तेथे कसा पोहोचला हे सांगू शकत नाही. तो जवळ उभ्या असलेल्यावरही पडतो आणि स्पर्शाने एकाकडून दुसऱ्याकडे जातो. उलट, गोळी झाडणाऱ्याच्या हातावरून तो काही तासांत झडूनही जातो. जॉर्ज दोषी असोत वा नसोत, असा एखादा कण सापडण्याची शक्यता सारखीच, असे तज्ज्ञांचे मत पुढे न्यायालयासमोर आले. २००७ मध्ये शिक्षा रद्द झाली व २००८ च्या फेरखटल्यात ते निर्दोष सुटले. तोवर त्यांची आठ वर्षे तुरुंगात गेली होती.

आपणा डॉक्टरांचा येथे निकटचा संबंध आहे. गोळीबारातील जखमीचे प्राण वाचविणे हे पहिले कर्तव्य. त्यापुढे पुरावा गौण. मात्र उपचारास बाधा येत नसेल तर नमुने घेईपर्यंत त्याचे हात धुऊ वा पुसू नयेत. ते कागदी पिशवीने झाकावेत. प्लॅस्टिकमध्ये घाम साचून कण निघून जाण्याची भीती असते. कपडे कापताना गोळीचे छिद्र टाळावे. आणि नोंद करताना जे दिसले तेवढेच लिहावे. गोळी कोणी झाडली, हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे.