एस.टी.तील बोलणें आणि घरांतील गोष्ट

गेल्या हिंवाळ्यांत एके दिवशीं आम्ही साताऱ्याहून एस.टी.नें लोणंदास परत येत होतों. पुढच्या बाकावर एक तरुण मोबाइलवर मोठ्यानें गाणीं लावून बसला होता. मागें एक शेतकरी लोणंदच्या बाजारांतील कांद्याच्या भावाविषयीं तारस्वरानें बोलत होता. आम्ही मनांतल्या मनांत दोघांसही शिष्टाचाराचे धडे देत होतों, तोंच आमचा फोन वाजला. पुण्याहून मेहुणे बोलत होते. धाकट्या बहिणीच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता. गाडी सालपे घाट उतरत होती. त्या घरघरींत, "आईला इतक्यांत कळूं देऊं नका," असें आम्ही त्यांना दोनदां बजाविलें.

लोणंदास उतरून भाजी घेतली व घरीं आलों. देवघरांतून बाहेर येऊन आईनें विचारलें, "धाकटीचें ऑपरेशन कधीं आहे रे?" आमच्याच आळींतील एक बाई त्या गाडींत होत्या. त्या बिचाऱ्या आपुलकीनें विचारपूस करण्यास येऊन गेल्या होत्या!

आपण ओरडत आहों, हें आम्हांस गाडींत उमगलेंच नव्हतें. भोंवतीं गोंगाट असला कीं मनुष्याचा आवाज नकळत चढतो, हें एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें 1911 सालीं दाखविलें होतें. ऐकणाराचीही अडचण असते. एकाच बाजूचें संभाषण कानीं पडलें, तर दोघांचें बोलणें ऐकण्यापेक्षां चित्त अधिक विचलित होतें, असें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना 2010 सालीं आढळलें. म्हणजे सहप्रवासी चोंबडे नसतात. आपणच त्यांचे कान ओढून घेतों.

रेल्वेनें रात्रीं 10 नंतर मोठ्यानें फोनवर बोलण्यास 2022 सालीं मनाई केली. मुंबईच्या बेस्टनें 2023 सालीं इअरफोनवांचून गाणीं व चित्रफिती लावण्यास बंदी केली. जपानांत मात्र आगगाडींत फोनचा आवाज बंद ठेवणें व बोलणें टाळणें हा लोकांचा रिवाजच होऊन बसला आहे. आमच्या मतें असा रिवाज घरांतूनच लागावयास हवा. बाजारभावासारखें निकडीचें काम असेल, तर मिनिटभर हलक्या आवाजांत जरूर बोलावें. गाणीं इअरफोन लावून ऐकावींत. आणि घरची गोष्ट निघतांच "उतरल्यावर बोलतों" एवढेंच सांगून फोन ठेवावा. दुसऱ्याचा आवाज चढला, तर खेंकसण्याऐवजीं "दादा, जरा हळू" म्हणावें. बहुधा त्यालाही तें ठाऊक नसतें.

आईनें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पण लेकीच्या दुखण्याची वार्ता मुलाच्या तोंडून न कळतां शेजारणीच्या तोंडून कळली, याचें दुःख तिच्या मुद्रेवर होतें. तेव्हांपासून गाडींत फोन वाजला कीं आम्हांस प्रथम तीच मुद्रा आठवते.