चरे पडलेली सीडी: टूथपेस्ट लावू का?

मागच्या भागानंतर एका श्रोत्या ताईंचा मेसेज आला. त्यांच्या आईच्या गाण्याच्या कार्यक्रमाची एकच सीडी घरात आहे, दुसरी कॉपी नाही. आई आता नाही. सीडी चौथ्या गाण्याला अडकते. ‘टूथपेस्ट लावली तर चालेल का?’ असं त्यांनी विचारलंय. आजचा भाग त्यावरच. हे काम ऐकून करण्यापेक्षा समोर वाचत करणं सोपं, म्हणून बोललेलं थोडं नीट करून इथे देतोय.

थोडक्यात उत्तर: लावा, पण सगळ्यात शेवटी. का ते बघू.

चरा पडतो कुठे?

सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. आपल्याला वाटतं की डेटा खालच्या चकचकीत बाजूला असतो. तसं नाहीये. तो वरच्या, म्हणजे लेबलच्या बाजूला असतो, आणि त्यावर फक्त चकाकणारा धातूचा थर आणि लाखेसारखा पातळ लेप. खालचं सगळं प्लास्टिक म्हणजे खिडकीची काच समजा. लेझर त्या काचेतून आरपार बघतो.

म्हणजे खालचे चरे काचेवरचे आहेत, खोलीतलं सामान शाबूत आहे. पण लेबलच्या बाजूने खरवडलं असेल तर डेटाच गेला. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले, तर तेवढा भाग कोणतीही पेस्ट परत आणू शकत नाही.

डीव्हीडीत डेटा मधोमध असतो, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये. ब्लू-रेमध्ये तो पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. म्हणून ब्लू-रे अजिबात घासू नका. तिच्यावर कडक संरक्षक लेप असतो, तो गेला की संपलं.

काही चरे चालतात, काही का नाही?

टपरीवरचा क्यूआर कोड कोपऱ्यात फाटलेला असतो, तरी पैसे जातात ना? त्यामागे रीड-सॉलोमन नावाचं गणित आहे, १९६० सालचं. मूळ माहितीसोबत थोडी जादा माहिती ठेवायची, म्हणजे तुकडा हरवला तरी हिशोब करून भरता येतो. सीडीतही तेच आहे. शिवाय लागोपाठची माहिती मुद्दाम विखरून ठेवतात, त्यामुळे ट्रॅकवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खड्डासुद्धा भरून निघतो.

आता गंमत बघा. सीडीवर एकच ट्रॅक आहे, आतून बाहेर गोल गोल फिरत जाणारा, पाच-साडेपाच किलोमीटर लांब. चरा मध्यापासून कडेकडे सरळ गेला असेल तर प्रत्येक फेरीत अगदी थोडंच नुकसान होतं, आणि गणित ते सांभाळून घेतं. पण चरा गोलाकार असेल तर तो ट्रॅकच्या बरोबरीने धावतो आणि सलग मोठा तुकडा खातो. म्हणून सीडी पुसताना कधीच गोल फिरवून पुसायची नाही. मध्याकडून कडेकडे, सरळ.

आधी हे करा

एक: धुवा. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकेच. मऊ सुती फडक्याने टिपा. बऱ्याचदा चरा वाटतो तो बोटांचा तेलकटपणा असतो.

दोन: ड्राइव्ह बदलून बघा. माझ्या मावशीच्या लग्नाची व्हीसीडी लॅपटॉपवर चालेना. काकांच्या जुन्या डेस्कटॉपवर पहिल्या फटक्यात चालली, तीही न घासता.

तीन: जेवढं वाचलं जातंय तेवढं आत्ताच कॉपी करा. साधं कॉपी-पेस्ट पहिल्या चुकीलाच थांबतं. डेटा सीडी किंवा घरच्या डीव्हीडीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते सोपा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि नंतर त्यांच्यावर पुन्हा प्रयत्न करतं. तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवरही काम पुढे चालू ठेवता येतं. गाण्यांच्या सीडीसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, व्हीसीडीसाठी आयसोबस्टर. व्हीसीडीत जास्त व्हिडिओ बसावा म्हणून डेटा सीडीवरचा दुरुस्तीचा जादा थर काढलेला असतो, त्यामुळे तिच्यावर चौकोन चौकोन लवकर दिसतात.

आता टूथपेस्ट

घासणं म्हणजे चऱ्याच्या कडा झिजवून उतार करणं, म्हणजे लेझर वाकडा जात नाही. प्लास्टिक थोडं कमी होतं आणि ते परत येत नाही, म्हणून हे शेवटी.

साधी पांढरी पेस्ट घ्या. जेल नको, दाणेदार किंवा कोळशाची तर नकोच. हेडलाइटचं पॉलिश त्याहून चांगलं, कारण आजकालच्या गाड्यांचे हेडलाइट पॉलिकार्बोनेटचेच असतात. सीडी सपाट, मऊ कापडावर ठेवा, लेबल खाली. हरभऱ्याएवढी पेस्ट, ओलसर सुती फडकं, आणि फक्त चऱ्याच्या जागी मध्याकडून कडेकडे दोन-तीन मिनिटं. धुवा, टिपा, लावून बघा. जमलं नाही तर अजून एकदा. बारीक धुरकट रेषा राहिल्या तरी हरकत नाही. पृष्ठभागावर लेझरचा झोत पाऊण मिलिमीटर रुंद असतो, बारीक रेषा त्याला नीट दिसतही नाहीत.

व्हॅसलीनही चालतं, पण ते चरा फक्त भरतं. लावा, जादा पुसा, एकदाच वाचून कॉपी करा, मग धुऊन टाका.

नेलपॉलिश रिमूव्हर किंवा पेट्रोल लावू नका, प्लास्टिक पांढरं पडतं. आणि मधल्या भोकापाशी तडा असेल तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका, वेगात फिरताना फुटू शकते.

तर ताई, डिस्क नवीकोरी दिसायला नको आहे. तिने फक्त एकदा, एका ड्राइव्हवर, चौथं गाणं पूर्ण वाचू द्यायला हवं. आणि ती फाइल मिळाली की एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. कसं झालं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!