फुगलेली शीर पोटरीवर, बिघाड जांघेत

पोटरीवरच्या वेड्यावाकड्या शिरा दाखवायला पेशंट येतो आणि डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात जांघेत. बहुतेक वेळा मूळ दुखणं तिथेच असतं.

घोट्यापासून मांडीच्या आतल्या बाजूने, कातडीखालून एक लांब शीर वर जाते आणि जांघेत खोलवरच्या मोठ्या शिरेला मिळते. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत. जांघेतली झडप निकामी झाली की रक्त उलटं येतं आणि खालच्या फांद्या फुगतात. डॉपलर तपासणीत, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, पोटरी दाबून सोडतात. त्यानंतर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं, तर झडप गेली म्हणायची. ही तपासणी उभं राहूनच करून घ्यावी.

जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही शीर बांधून टाकायला सुरुवात केली. 1907 मध्ये अमेरिकेत बॅबकॉक यांनी शिरेत तार घालून ती ओढून काढायची रीत आणली. आता लेसर आला, पण फार नागमोडी शिरेत त्याचा तंतू सरकत नाही, तिथे शस्त्रक्रियेचा विचार आजही होतो.

लेसरमध्ये शीर काढत नाहीत, आतून भाजून बंद करतात. गुडघ्याजवळ सुई टोचून बारीक तंतू वर सरकवतात आणि त्याचं टोक जांघेतल्या संगमाच्या सुमारे 2 सेंटीमीटर अलीकडे थांबवतात. मग शिरेभोवती, तिच्या पूर्ण लांबीवर, भुलीचं औषध मिसळलेलं सलाइन सुयांनी भरतात. खरं कसब इथे लागतं. या पाण्याने पाय बधिर होतो, शीर तंतूवर आवळली जाते आणि कातडी व शेजारची नस भाजण्यापासून वाचते. पेशंटला नंतर आठवतात त्या याच सुया. मग सगळ्यांनी चष्मे चढवायचे, लेसर सुरू करायचा आणि तंतू हळूहळू मागे ओढायचा. 1470 नॅनोमीटरचा किरण पाण्यात शोषला जातो. शिरेची भिंत तापून आकसते. वर दिसणाऱ्या फांद्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून आकड्याने काढतात किंवा फेसाचं इंजेक्शन देऊन बुजवतात.

मग रक्त जाणार कुठून? पायाचं बहुतेक रक्त आधीपासूनच खोल शिरांतून जात असतं. म्हणून त्या मोकळ्या आहेत ना, हे आधी पाहावं लागतं. तिथे जुनी गुठळी असेल, तर वरची शीर बंद करताना दहा वेळा विचार करावा.

जाहिरातीत लेसरचा गाजावाजा असला, तरी रेडिओलहरींची उष्णता वापरणारी पद्धतही तितकीच चांगली. ब्रिटनच्या 2013 च्या मार्गदर्शिकेत या दोन्ही उष्णतेच्या पद्धतींना पहिली पसंती आहे, शस्त्रक्रिया त्यानंतर.

पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो. काही दिवस मांडीत ओढ जाणवते, निळे डाग पडतात. डॉक्टर सांगतील तितके दिवस घट्ट मोजे घालायचे, रोज चालायचं आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा डॉपलर करायचा. पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली, तर मात्र त्या तारखेची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठायचं.