अनोळखी एअरलाइनचं स्वस्त तिकीट: घ्यायचं की नाही?



मागच्या महिन्यात सांगलीच्या कार्यशाळेत एका ताईंनी विचारलं, "सर, दुबईला गल्फूड प्रदर्शन बघायला जायचंय, सोबत माझ्या मसाल्यांचे सॅम्पल न्यायचेत. मुंबई-शारजाह तिकीट खूप स्वस्त दिसतंय, पण त्या एअरलाइनचं नावच कधी ऐकलं नाही. काढू का?" व्हिडिओमध्ये मी हे दोन मिनिटांत उरकलं, आणि ते अर्धवट राहिलं. म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी भीतीचं बघू. आपण नाव ऐकलं नाही म्हणजे कंपनी लहान किंवा फसवी, असं नसतं. एअर अरेबिया २००३ पासून शारजाहहून उडते, फ्लायदुबई २००९ पासून. आखातात नोकरीला असलेल्या माणसाला ही नावं एसटीइतकी ओळखीची आहेत. खरंच शंका असेल तर आयाटा या जागतिक संघटनेचं आयओएसए नावाचं सुरक्षा ऑडिट असतं, ते पास झालेल्या कंपन्यांची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. यादीत नाव नाही म्हणजे लगेच धोका असं नाही, पण आहे म्हणजे एक काळजी मिटली. सुरक्षेच्या कारणावरून बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी युरोपियन युनियनही प्रसिद्ध करतं.

आणि ओळखीचं नाव म्हणजे खात्री, हेही डोक्यातून काढा. जेट एअरवेज सगळ्यांच्या ओळखीची होती, एप्रिल २०१९ मध्ये थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. पैसे भरलेले लोक रिफंडसाठी फिरत राहिले. म्हणून तिकीट शक्यतो एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवर आणि क्रेडिट कार्डने काढा. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागायची एक वाट तरी उघडी राहते.

आता खरा मुद्दा. तिकीट स्वस्त का असतं? कारण त्यांनी बिल फोडलेलं असतं. सीट वेगळी, बॅग वेगळी, जेवण वेगळं. यात लबाडी नाही, धंद्याची पद्धत आहे. आपण कच्चा माल घेताना नुसता दर बघतो का? वाहतूक, हमाली, टॅक्स धरून माल दारात कितीला पडला ते बघतो. तिकिटालाही तेच लावा.

समजा (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत) पहिलं जाऊन-येऊन तिकीट ११,००० रुपये, त्यात फक्त ७ किलोची हातातली बॅग. ताईंना सॅम्पलसाठी २० किलोची बॅग हवी, एका बाजूचे ३,००० म्हणजे दोन्हीकडून ६,०००. जेवण ८००, सीट निवडली तर ७००. झाले १८,५००. दुसऱ्या एअरलाइनचं तिकीट १७,५००, पण बॅग आणि जेवण आतच. ताईंसाठी "महाग" तिकीट हजाराने स्वस्त पडलं! पण त्याच ताई नुसतं मार्केट बघायला एका हँडबॅगवर गेल्या, तर पहिलं तिकीट साडेसहा हजारांनी स्वस्त. प्रवास तीन तासांच्या आसपासचा, घरून पोळी-भाजी खाऊन निघालात तरी चालतं. म्हणजे एअरलाइनच्या नावापेक्षा तुमच्या बॅगेत काय आहे, त्यावर निर्णय ठरतो.

बॅगेचं वजन बुकिंगच्या वेळीच विकत घ्या. काउंटरवर तेच वजन कितीतरी महाग पडतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या पहिल्या फेरीत येताना चार किलो जास्त भरले, काउंटरवर बॅग उघडून कॅटलॉग आणि बुटं बाहेर काढत बसलो, मागे पन्नास माणसांची रांग. शेवटी पैसे भरले. फेरीत जे वाचवलं होतं ते तिथे गेलं.

सॅम्पलबद्दल मात्र जास्त सावध राहा, कारण इथे नुकसान पैशांचं नाही. यूएईमध्ये खसखस न्यायला सक्त बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आपल्याकडे कांदा-लसूण मसाल्यात, कोल्हापुरी मसाल्यात खसखस सर्रास पडते. "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होईल या भरवशावर राहू नका, तुरुंगाची वेळ येऊ शकते. सॅम्पलची घाणी वेगळी काढा, खसखशीशिवाय, आणि पाकिटावर घटक छापा. सुकं खोबरं बॅगेत ठेवू नका. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई आहे. मिरची पूड हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये टाका. पॉवर बँकेचं बरोबर उलटं, ती हातातच ठेवायची.

बाकी कागदपत्रं. पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा, व्हिसा निघण्याआधी हातात हवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच, अक्षर न अक्षर. काही जणांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई एकेरी नावावर व्हिजिट व्हिसा देत नाही, तेव्हा हे आजच उघडून बघा. परदेशी वेबसाइटवर पेमेंट अडकलं तर घाबरू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतो. रक्कम दिरहममध्ये कापली तर बँक वर काही टक्के लावते, तेही हिशोबात धरा. जीएसटी नोंदणी असेल तर बुकिंग करतानाच नंबर टाका.

एक गोष्ट राहिली. प्रदर्शन दुबईत, विमान शारजाहला. टॅक्सीचं भाडं धराच, आणि सकाळी शारजाहहून दुबईकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. प्रदर्शनाच्या दिवशीच सकाळी उतरायचं तिकीट काढू नका, आदल्या संध्याकाळचं काढा.

ताईंनी शेवटी १७,५०० वालं तिकीट घेतलं. बॅगेत बारा किलो सॅम्पल आहेत, खसखस नाही. परत आल्या की त्यांच्यासोबत एक व्हिडिओ करू.