उपस्थात्याचा अनुराग कोणाविषयी?

चिकित्साचतुष्पादातील उपस्थाता म्हणजे चूर्णे मोजणारा व पुड्या बांधणारा, असा समज आपल्यापैकी अनेकांनी करून घेतला आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, भर्त्याविषयी अनुराग व शौच हे चार गुण सांगितले. हा भर्ता म्हणजे चिकित्सालयाचा मालक, असे आपण सोयीने धरतो. आमच्या मते तो रुग्ण होय. भिवंडी तालुक्यातील दिघाशीच्या एका आजीबाईंनी आम्हांस हे शिकविले.

पावसाळ्याचे दिवस. ज्वर, अरुची, जिव्हा साम. आम्ही लंघन सांगितले, पाचन दिले. तिसऱ्या दिवशी नात त्यांना रिक्षातून घेऊन आली. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, बोलणे असंबद्ध. ज्वरमोक्षाचा स्वेद असावा, असे आम्ही मनाशी ठरवूनही टाकले. आमच्याकडे नुकतीच आंतरवासिता संपवून आलेली वैद्या साहाय्यक होती. तिने नातीला हातातील पिशवी उघडावयास सांगितली. आत ग्लिमेपिराइडची स्ट्रिप निघाली. लंघन चालू होते आणि मधुमेहाची गोळीही! ग्लुकोमीटरवर आकडा पन्नासच्या खाली. रुग्णा शुद्धीवर आहे, गिळू शकते, हे पाहून तिने साखरपाणी पाजले.

पाव तासात आजी सावरल्या. आम्ही त्यांना घरी पाठविणार, तोच ती हलक्या आवाजात म्हणाली, “सर, या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरेल. रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावयास हवे.” १०८ ला दूरध्वनी तिनेच केला.

वाग्भटांना रुग्ण आढ्य हवा आणि ज्ञापकही. आमच्या भातशेतीवरचा, वीटभट्टीवरचा रुग्ण आढ्य कोठून असणार? ज्ञापक मात्र त्याला प्रश्न विचारून करता येते. रोजची गोळी हे त्याच्या लेखी औषधच नसते.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १९६५ साली सुरू केलेला ‘फिजिशियन असिस्टंट’ अभ्यासक्रम डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनमध्ये भारतात आणला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाचा इतिहास घेणे, तपासणे, नोंदी ठेवणे व आपली मर्यादा ओळखणे, हा त्या शिक्षणाचा गाभा. आपला बी.ए.एम.एस. पदवीधर साडेचार वर्षांचा अभ्यास व वर्षभराची आंतरवासिता करून येतो. तो स्वतंत्र वैद्यच आहे. परंतु मुलाखतीत आपण त्याला पंचकर्म किती केले आणि पगार किती हवा, एवढेच विचारतो. आम्ही आता उमेदवारापुढे गोळ्यांच्या स्ट्रिपा व पुड्यांनी भरलेली पिशवी ठेवतो आणि यादी करावयास सांगतो. यादी करून जो आमच्याच औषधयोजनेवर शंका काढतो, त्याला ठेवून घेतो.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. त्या दिवशी रुग्णालयातील डॉक्टरांनी आमच्या पुडीत काय आहे, असे विचारले, तेव्हा नातीला सांगता आले नाही. पुडीवर नाव नव्हते. चूक आमची होती. आता प्रत्येक पुडीवर औषधाचे नाव, मात्रा व तारीख मराठीत लिहिण्याचे काम त्या वैद्येने स्वतःकडे घेतले आहे.