आधी पोळपाट कागदावर काढा!

दहावीचा निकाल लागला की आदिलाबादच्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला पॉलिटेक्निकला घालायचं, आयटीआयला, की सरळ नागपूर-हैदराबादला 'थ्री-डी कॅड'चा कोर्स लावायचा? जाहिरातीत पडद्यावर गरगर फिरणारं यंत्र दिसतं आणि पेन्सिल, टी-स्क्वेअर, ड्रॉईंग बोर्ड जुनाट वाटू लागतात. फी भरण्यापूर्वी पालकांनी थोडा विचार करावा, म्हणून हे लेखन.

घरातला पोळपाट घ्या. वरून पाहिला तर नुसतं वर्तुळ दिसतं. ते ताटाचंही असू शकतं आणि डब्याच्या झाकणाचंही. समोरून पाहिला की जाडी आणि पाय दिसतात. वरच्या चित्रात पाय झाकले जातात, म्हणून ते तुटक रेषेने दाखवायचे. दोन्ही चित्रं जुळवली की सुताराला पोळपाट न दाखवताही तो करून घेता येतो. टू-डी ड्राफ्टिंगचं मर्म एवढंच आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंजने या विद्येला शास्त्राचं रूप दिलं. किल्ल्यांच्या बांधकामात ती इतकी उपयोगी ठरली की तिथल्या सैन्याने ती बरीच वर्षं गुप्त ठेवली.

१९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि पेन्सिलीची जागा माऊसने घेतली. पुढे थ्री-डी आलं, पण त्याचीही पहिली पायरी सपाटच आहे. एक प्रतल निवडायचं, त्यावर आकृती काढायची, मापं द्यायची आणि मग तिला जाडी द्यायची. सॉलिडवर्क्समध्ये मापं अपुरी असतील तर रेषा निळी राहते, पुरी झाली की काळी होते. पण कुठलं माप द्यायचं आणि ते कुठून मोजायचं, हे काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आणखी एक गोष्ट. भारतात 'फर्स्ट अँगल' पद्धत चालते, म्हणजे वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली येतं. अमेरिकेच्या 'थर्ड अँगल' पद्धतीत ते वर येतं आणि बाजूच्या चित्राचीही जागा बदलते. कोणती पद्धत आहे हे कागदावरच्या छोट्या, कापलेल्या शंकूच्या खुणेवरून कळतं. ती खूण न वाचता काम केलं तर डावीकडचं भोक उजवीकडे पडतं आणि लोखंड भंगारात जातं.

थ्री-डीला कमी लेखायचं कारण नाही. दोन भाग एकमेकांना अडतात का, हे मॉडेल चटकन दाखवतं. पण साइटवर अजूनही बहुतेक वेळा मिस्त्रीच्या हातात सपाट नकाशाच असतो. त्यावरूनच तो दोरी, गुण्या आणि फक्की घेऊन जमिनीवर आखणी करतो. ज्याला तो नकाशा वाचता येतो, त्यालाच मॉडेलमधली चूकही दिसते.

आपल्या भागातल्या मुलांसाठी याला आणखी एक अर्थ आहे. घरी मराठी, गावात तेलुगू आणि पुस्तकात इंग्रजी, अशा ओढाताणीत हुशार मुलंही बुजतात. ड्रॉईंगमध्ये शब्द थोडे असतात. जाड रेषा म्हणजे दिसणारी कड, तुटक रेषा म्हणजे झाकलेली कड. ही भाषा पुण्यातही तीच आणि जर्मनीतही तीच.

आयटीआयमध्ये आरेखक स्थापत्य आणि आरेखक यांत्रिकी हे दोन्ही ट्रेड २ वर्षांचे असतात. खासगी कोर्स घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी विचारा: हाताने ड्रॉईंग करून घेतात का? छेद आणि मापं देणं शिकवतात का? प्रत्यक्ष वस्तू मोजून तिचं ड्रॉईंग काढायला लावतात का? उत्तर 'नाही' आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

सुट्टीत सुरुवात घरीच होऊ शकते. पट्टी, पेन्सिल, कोरा कागद आणि पोळपाट एवढं पुरे.