गाडीतला गारवा, भाग ५ : गॅस संपत नाही, गळतो

मार्च उजाडला की नागपूर-अकोल्यापासून पुण्या-नाशिकपर्यंत एसी दुरुस्तीच्या गॅरेजांसमोर गाड्या लागू लागतात. तक्रार ठरलेली : "कूलिंग होत नाही, गॅस भरून द्या." गेज लावलं जातं, गॅस भरला जातो, झोत गार येतो आणि मालक समाधानाने घरी जातो. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी पुन्हा त्याच दारात. दोन-तीन वर्षं असं झालं की मालकाची खात्रीच पटते, एसीचा गॅस दरवर्षी संपतोच.

तो संपत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल या बंद चक्रात तोच गॅस कधी द्रव, कधी वायू होऊन फिरत राहतो, हे मागच्या भागात पाहिलं. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात, पण तेवढ्याने एका वर्षात कूलिंग जात नाही. वर्षभरात गाडी गार करेनाशी झाली आणि गॅस कमी निघाला, तर कुठेतरी लिकेज आहे. ते न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत सोडणं.

चांगला मेकॅनिक आधी नीट बघतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस सुटतो तिथे तेलाचा ओलसर डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. पाइपांचे जोड, गॅस भरायच्या तोंडातली पिन, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, ब्रॅकेटला घासणारा पाइप या नेहमीच्या जागा. पण सर्वांत जास्त मार खातो तो कंडेन्सर. तो बंपरच्या मागे अगदी पुढे बसलेला. खडी उडते ती त्याच्यावर, पावसाळ्यातला चिखल साचतो तो त्याच्याच पात्यांत. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत त्याचं ॲल्युमिनियम आणखी लवकर गंजतं.

डाग दिसला नाही की साबणाचं पाणी. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तीच ही रीत. मात्र लिकेज बारीक असलं तर बुडबुडा येत नाही. तेव्हा तेलात खास डाय सोडतात, काही दिवस गाडी चालवतात आणि अतिनील टॉर्चच्या उजेडात चमकणारी जागा हेरतात. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर त्याहून तीक्ष्ण असतो, पण हात सावकाश हवा. आजच्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हवेपेक्षा जड असल्याने डिटेक्टरचं टोक जोडाच्या खालच्या बाजूने फिरवावं लागतं. कूलिंग कॉइल तर डॅशबोर्डच्या पोटात. तिथे नजर पोहोचत नाही. एसीचं पाणी ठिबकणाऱ्या नळीशी डिटेक्टर धरून तिचा संशय तपासता येतो. डॅशबोर्ड उतरवणं मोठं आणि खर्चाचं काम आहे, म्हणून तो पुरावा आधी मागायलाच हवा.

सगळा गॅस निघून गेला असेल तर कोरडा नायट्रोजन दाबाने भरून गेजचा काटा उतरतो का, ते पाहतात. टायरमध्ये भरायची हवा इथे चालत नाही. तिच्यासोबत ओलावा आत जातो, शिवाय जास्त दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेट घेऊ शकतो. दाबाखालचा ऑक्सिजन तर तेलाशी गाठ पडताच स्फोट घडवू शकतो.

आता गेजविषयी. इंजिन बंद असताना, ३० अंश तापमानाला आर-१३४एचा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसतो. आत ५०० ग्रॅम गॅस असो की २०० ग्रॅम, थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत आकडा तोच राहतो. म्हणजे "प्रेशर बरोबर आहे" एवढ्यावरून गॅस पुरेसा आहे, असं ठरत नाही. सगळा गॅस काढून वजन करणं हाच खरा हिशेब. पंपाने आतली हवा ओढून केलेला व्हॅक्यूम टिकला म्हणजे लिकेज नाही, हा समजही तितकाच धोक्याचा. व्हॅक्यूममध्ये भिंतीवर फार तर एका वातावरणाचा, म्हणजे १५ पीएसआयच्या आसपास दाब येतो आणि तोही बाहेरून आत. चालू एसीत मात्र कंडेन्सरच्या बाजूला २०० पीएसआयहून जास्त दाब आतून बाहेर रेटत असतो.

दुरुस्ती बरेचदा साधीच निघते. जोडातली ओ-रिंग बदलायची, पण त्याच मापाची, एसीसाठीच्याच रबराची आणि योग्य तेल लावून. कंडेन्सरला छिद्र असेल तर तो बदलावा. लांबी लावून ठिगळ मारलं तर ते या दाबापुढे टिकत नाही. लिकेज बंद करणारं रसायन सोडणं सर्वांत वाईट, कारण ते घट्ट होऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच बुजवू शकतं. यंत्रणा उघडली की ओलावा शोषणारा ड्रायर बदलायचा आणि निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा. आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतो आणि तेलाशी मिळून आम्लही तयार करतो.

हे सारं फक्त खिशापुरतं नाही. आर-१३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट प्रभावी आहे. अर्धा किलो गॅस हवेत गेला तर ते साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. साधारण २८० लिटर पेट्रोल जाळल्यावर तेवढा निघतो. २०१६ च्या किगाली करारानुसार भारत अशा गॅसांचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करणार आहे. तरीही पाइप सोडवण्याआधी उरलेला गॅस मशीनने काढून घेण्याऐवजी मोकळा सोडून देणारी गॅरेजं आहेत. ग्राहकाने हटकलं तर ही सवय मोडू शकते.

बॉनेटच्या आत एक स्टिकर असतो; गॅस कोणता आणि किती ग्रॅम, ते त्यावर छापलेलं असतं. गाडी गॅरेजमध्ये द्याल तेव्हा तो आकडा मेकॅनिकला दाखवा, लिकेज कुठे सापडलं ते विचारा आणि गॅस वजनकाट्यावरच भरून घ्या.